डोहाळे : दोन हृदयांचा शब्द

‘डोहाळे’ हा शब्द आपल्या घरांत नेहमी हसतमुखाने उच्चारला जातो. सुनेला दिवस गेल्याचे कळले की नात्यागोत्यातल्या स्त्रियांचा पहिला प्रश्न असतो, “डोहाळे कसले लागले?” उत्तरावरून पोटात कोण आहे याचे अंदाज बांधले जातात, थट्टा होते, लोणच्याची बरणी पुढे केली जाते. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते. फुलांची वाडी भरतात, झोपाळा सजवतात, चंद्रकोरीत बसवून ओटी भरतात, डोहाळ्यांची गाणी म्हणतात. बाजारातही हा शब्द येतो, पण वेगळ्या चेहऱ्याने. उधारीवर उधारी करून सट्ट्याच्या मागे लागलेल्या माणसाला पेढीवरचे वडीलधारे म्हणतात, “याला भिकेचे डोहाळे लागले आहेत.” म्हणजे एका टोकाला कौतुकाची हौस आणि दुसऱ्या टोकाला विनाशाची ओढ. मधला, मुळातला अर्थ मात्र आपल्या बोलण्यातून जवळजवळ निघून गेला आहे. तो अर्थ फार गंभीर आहे आणि तो जपण्याचे मोठे श्रेय आपल्याच प्राकृत ग्रंथांना आहे, म्हणून हा लेख.

या शब्दाची अभ्यासकांनी लावलेली सर्वांत पटणारी व्युत्पत्ती अशी. ‘द्वि’ म्हणजे दोन आणि ‘हृद्’ म्हणजे हृदय. जिच्या शरीरात दोन हृदये आहेत ती स्त्री ‘द्विहृदया’. आयुर्वेदाने तिला ‘दौर्हृदिनी’ आणि तिच्या इच्छेला ‘दौर्हृद’ असे म्हटले. लोकांच्या जिभेवर हा जड शब्द झिजला आणि प्राकृतात ‘दोहल’ झाला. पुढे संस्कृत कवींनी प्राकृतातला शब्द पुन्हा उचलून त्याला ‘दोहद’ असे संस्कृत रूप दिले. एकदा हे रूप रूढ झाल्यावर लोक उलटा हिशेब करू लागले, आणि वररुचीच्या व हेमचंद्राचार्यांच्या प्राकृत व्याकरणांत तर ‘दोहद’ शब्दातील ‘द’चा ‘ल’ होतो, असा नियमच दिलेला आढळतो. मराठीने तो ‘ल’ आपल्या ‘ळ’मध्ये मुरवला, आरंभीच्या ‘द’चा ‘ड’ केला आणि ‘डोहळा’, ‘डोहाळे’ ही रूपे घडवली. गुजरातीने ‘दोहद’ ठेवला. म्हणजे आपल्या समाजातील एखाद्या घरात सासू गुजरातीत ‘दोहद’ म्हणते आणि सून मराठीत ‘डोहाळे’ म्हणते, तेव्हा दोघी नकळत एकाच गोष्टीची ग्वाही देत असतात : या घरात सध्या एका देहात दोन हृदये धडधडत आहेत.

प्राचीनांनी ही केवळ काव्यकल्पना म्हणून मांडली नव्हती. चरकसंहितेत गर्भाचे हृदय मातेपासून घडते आणि रस वाहून नेणाऱ्या वाहिन्यांनी ते मातेच्या हृदयाशी जोडलेले असते, म्हणून एकाची इच्छा दुसऱ्यात उमटते, असा विचार आहे. सुश्रुताने चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय स्पष्ट होते असे मानून त्या काळापासून स्त्रीला दौर्हृदिनी म्हटले आहे. आपल्या भगवतीसूत्रातही गर्भाच्या आहाराचा प्रश्न गौतमस्वामी विचारतात. गर्भातील जीव तोंडाने घास घेत नाही, तो सर्व शरीराने आहार घेतो, आणि माता व अपत्य यांना जोडणाऱ्या रसहरणी नाड्यांतून त्याला पोषण मिळते, असे उत्तर तेथे आहे. तंदुलवेयालिय या प्रकीर्णकात तर जीव गर्भात दोनशे साडेसत्त्याहत्तर अहोरात्र राहतो, असे मोजमाप दिले आहे. आजचे डॉक्टर शेवटच्या पाळीपासून २८० दिवस मोजतात. या दोन आकड्यांची जवळीक पाहिली की ज्यांनी हे लिहिले त्यांनी संसारातील स्त्रियांचे अनुभव किती लक्षपूर्वक ऐकले असतील, असे मनात येते.

आधुनिक गर्भशास्त्राने तपशील बदलला. गर्भधारणेनंतर साधारण बाविसाव्या दिवशी गर्भाचे इवलेसे हृदय आकुंचन पावू लागते. त्या वेळी स्त्रीला आपण गर्भवती असल्याची पुरती खात्रीही नसते. आईचे आणि बाळाचे रक्त एकमेकांत थेट मिसळत नाही. वारेच्या पातळ पडद्यातून प्राणवायू, साखर, लोह आणि इतर द्रव्ये पलीकडे जातात. डोहाळे पुरवले नाहीत तर मुलात व्यंग येते किंवा त्याची लाळ गळते, या समजुतीला कसलाही आधार नाही. परंतु ‘दोन हृदये’ हा शब्द मात्र अक्षरशः खरा ठरला. आणि त्या दुसऱ्या हृदयाला लागणारे सारे काही पहिल्या हृदयाच्या साठ्यातूनच जाते, हेही खरे ठरले. व्यापारी माणसाला हे समजावून सांगायला नको. एका भांडवलावर दोन दुकाने चालत असतील तर पहिल्या दुकानाची शिल्लक रोज पाहावी लागते.

आता कथांकडे वळू. मॉरिस ब्लूमफील्ड या अमेरिकेतील संस्कृत पंडिताने १९२० मध्ये डोहाळे या कथाबीजावर एक दीर्घ निबंध लिहिला. भारतीय कथावाङ्मयात या विषयाचे जे विपुल साहित्य आहे, त्यात जैन कथांचा वाटा फार मोठा आहे. ज्ञाताधर्मकथेच्या पहिल्याच अध्ययनात श्रेणिक राजाची राणी धारिणी हिचा डोहाळा येतो. तिसऱ्या महिन्यात तिला वाटू लागते की आकाशात मेघ दाटून यावेत, वीज चमकावी, धरणी हिरवी व्हावी आणि आपण सेचनक हत्तीवर बसून वैभार पर्वताच्या पायथ्याशी फिरावे. पावसाळा तर नाही. मागायचे कसे? ती कोणाला काही सांगत नाही. फिकट होते, कृश होते, दागिने उतरवते, अन्नावरून तिचे मन उडते. दासी विचारतात, ती बोलत नाही. पुन्हा विचारतात, तरी बोलत नाही. शेवटी राजा स्वतः येतो, शपथ घालून विचारतो, तेव्हा ती बोलते. पुढे अभयकुमार पौषधशाळेत अट्ठम तप करतो, पूर्वजन्मीच्या देवमित्राच्या साहाय्याने अकाली मेघ निर्माण होतात आणि राणीची इच्छा पूर्ण होते. त्या डोहाळ्यावरूनच पुत्राचे नाव मेघकुमार ठेवले जाते. हा मेघकुमार पुढे भगवान महावीरांजवळ दीक्षा घेतो.

ही कथा मी अनेक चातुर्मासांत ऐकली. पूर्वी ऐकताना माझे लक्ष देवाने निर्माण केलेल्या मेघांकडे असे. अलीकडे ते कथेच्या त्या भागाकडे जाते जिथे राणी गप्प आहे आणि तिला पुन्हा पुन्हा विचारले जात आहे. सूत्रकार हा भाग घाईने ओलांडत नाहीत. कृश होणे, मौन, विचारणे, पुन्हा मौन, पुन्हा विचारणे, मग सांगणे, असा सारा क्रम सावकाश येतो. निरयावलियामधील चेलणा राणीच्या कथेतही हाच क्रम आहे. तिचा डोहाळा तर भयंकर होता, पतीच्याच शरीराचे मांस खाण्याचा. लाजेने आणि भीतीने ती सुकत गेली. तरीही राजा तिला दूर लोटत नाही. विचारतो, ऐकून घेतो, आणि अभयकुमार युक्तीने तिच्या मनाचे समाधान करतो. तिच्या पोटी आलेल्या कूणिकाने पुढे पित्याला कारागृहात टाकले, ही त्या कथेची कटू बाजू. पण राणीला असे वाटलेच कसे, म्हणून तिला धिक्कारणारे वाक्य राजाच्या तोंडी नाही.

हेमचंद्राचार्यांच्या परिशिष्टपर्वात चंद्रगुप्त मौर्याच्या आईचा डोहाळा आहे. मयूरपोषकांच्या प्रमुखाच्या त्या मुलीला चंद्र प्यावासा वाटला. घरचे हतबल झाले. चाणक्याने मांडव घालायला लावला, त्याला वर छिद्र ठेवले आणि खाली दुधाच्या ताटात पौर्णिमेचा चंद्र उतरवला. ती दूध पीत गेली तसतसे वर बसलेल्या माणसाने छिद्र झाकत आणले. चंद्र संपला, तिचे मन तृप्त झाले. चाणक्याने अर्थात त्याची किंमत आधीच ठरवून घेतली होती, होणारे मूल त्याला द्यायचे होते.

या साऱ्या डोहाळ्यांत एक गोष्ट सहज लक्षात येते. यांत चिंचा, कैऱ्या, बर्फी, पेढे फारसे कुठे नाहीत. कोणाला पावसात फिरायचे आहे, कोणाला चंद्र हवा आहे. श्वेतांबर परंपरेनुसार आपण लोगस्समध्ये रोज ज्या चोवीस तीर्थंकरांची नावे घेतो, त्यांतील काही नावे मातेच्या डोहाळ्यांवरूनच आली आहेत. सुसीमा राणीला कमळांच्या शय्येवर निजावेसे वाटले, म्हणून पद्मप्रभ. प्रभावती राणीला नाना रंगांच्या फुलांनी आच्छादलेल्या शय्येची आणि पुष्पमालांच्या सुगंधाची इच्छा झाली, म्हणून मल्ली. धर्मनाथांच्या मातेला धर्माचरणाचाच डोहाळा झाला. म्हणजे आपण सकाळ-संध्याकाळ ज्या नावांची स्तुती करतो, त्यांतून एका अर्थी गर्भवती स्त्रियांनी उच्चारलेल्या इच्छांचीही आठवण ठेवतो. त्या इच्छा कोणी विचारल्याच नसत्या, तर ती नावे पडली नसती.

खाण्याच्या डोहाळ्यांतही एक असा आहे ज्याची वाच्यता सहसा होत नाही, तो म्हणजे मातीचा. कालिदासाच्या रघुवंशात सुदक्षिणा राणी गर्भवती असताना माती खाते आणि राजाला तिच्या मुखाला मातीचा गंध येतो. कवीने त्याचे सुंदर कारण दिले आहे, होणारा पुत्र पृथ्वीचा उपभोग घेणार म्हणून. वैद्यकशास्त्रात माती, खडू, राख, कच्चे तांदूळ, बर्फ असे अन्न नसलेले किंवा न शिजलेले पदार्थ सतत खावेसे वाटण्याला ‘पायका’ म्हणतात. हा शब्द मॅग्पाय या पक्ष्याच्या लॅटिन नावावरून आला. तो पक्षी काहीही उचलून चोचीत घालतो अशी समजूत होती. पायका अनेकदा शरीरातील लोहाच्या कमतरतेबरोबर आढळतो, आणि लोह भरून निघाले की बहुतेक वेळा ती ओढही ओसरते. मातीतून जंतांची अंडी आणि शिशासारखे विषारी घटक पोटात जाण्याचा धोका असतो, तो वेगळाच.

आमचे घर मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी भुसार आणि किराणा मालाच्या व्यापारात आहे. किराणा दुकानाच्या फळीवरून जग जसे दिसते तसे ते दुसरीकडून क्वचितच दिसत असेल. मुलतानी माती, भाजक्या मातीचे खडे, पाटीवरच्या पेन्सिली, या वस्तू दुपारच्या शांत वेळी हलक्या आवाजात मागणाऱ्या स्त्रिया आमच्या मामंजींनी साठ वर्षे पाहिल्या. लहान मुलांसाठी पेन्सिली घेणारी बाई आणि स्वतःसाठी घेणारी बाई त्यांना चेहऱ्यावरून ओळखू येई. ते पुडी बांधून देत आणि पैसे घेताना न चुकता एकच वाक्य म्हणत, “बाई, सरकारी दवाखान्यात एकदा रक्त तपासून घे.” त्यांनी वैद्यकाचे एक पानही वाचलेले नव्हते. फिकट डोळ्यांची बाई माती मागते आणि रक्त भरल्यावर मागत नाही, एवढा हिशेब त्यांनी गिऱ्हाइके पाहून पाहून मांडला होता.

तीन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या सुनेला पाचवा महिना होता. चातुर्मास चालू होता. घरात मोठ्या जाऊबाईंची अठाई ठरलेली, मुलींचे एकासने, रोज महासतीजींचे व्याख्यान. सून सर्वांबरोबर उठत होती, सर्वांबरोबर बसत होती आणि विचारले की “मी बरी आहे, बाई” म्हणत होती. आमच्या सासूबाईंना, ज्यांना सारे घर ‘मोठ्या बाई’ म्हणते, तिच्या पदराच्या टोकाला तांदळाचा पांढरा भुकटा दिसला. दुसऱ्या दिवशीही दिसला. त्यांनी कोणापुढे काही म्हटले नाही. दुपारी सामायिक झाल्यावर तिला स्वतःजवळ बोलावले आणि म्हणाल्या, “बेटा, काय खावेसे वाटते ते सगळ्यांनी विचारून झाले असेल. तुला काय सोसवत नाही, ते मला सांग.”

मी दारातच धान्य निवडत बसले होते. बराच वेळ काही आवाज आला नाही. मग ती बोलू लागली. कच्चे तांदूळ मूठमूठ खावेसे वाटतात, थांबवता येत नाही. जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येते. जाऊबाईंची अठाई चालू असताना आपण थकलो म्हणणे बरे दिसत नाही. आणि मग अगदी हळू, जणू चोरी कबूल करावी तशी, ती म्हणाली, “मोठ्या बाई, मला दुकानात बसावेसे वाटते. पोत्यांच्या वासात. लग्नाआधी मी बाबांच्या पेढीवर वह्या लिहीत असे. तो वास आला की मला बरे वाटते.”

दुसऱ्या दिवशी रक्त तपासले. हिमोग्लोबिन ८.६ ग्रॅम होते. गर्भवती स्त्रीचे ते ११ ग्रॅमच्या खाली गेले की रक्तक्षय धरतात. डॉक्टरांनी लोहाचे औषधोपचार सुरू केले, चहा जेवणाबरोबर घेऊ नका म्हणाले, लिंबू-आवळा घ्या म्हणाले आणि उपवास करायचा नाही हे स्पष्ट सांगितले. ते सारे सोपे होते. दुसरी मागणी अवघड होती. आमच्या घरात सुना दुकानात बसत नसत. तसा कोणी नियम लिहून ठेवलेला नव्हता, पण लिहिलेल्या नियमांपेक्षा असे नियम जड असतात. घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी विचारलेही, “पोटुशी सून गल्ल्यावर बसवायची, तर गाव काय म्हणेल?” मामंजी तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. ते म्हणाले, “श्रेणिकाने राणीसाठी हत्ती काढला. आपल्याला खुर्ची काढायची आहे.”

दुपारी दोन ते चार, पंख्याखाली, वह्यांच्या टेबलाशी तिची खुर्ची ठेवली. ती जुन्या उधाऱ्या तपासू लागली. पहिल्याच आठवड्यात तिला दोन ठिकाणी बेरजेतली तफावत सापडली आणि मामंजींनी ती सर्वांना कौतुकाने दाखवली. औषधाने चार-पाच आठवड्यांत तांदळाची ओढ गेली, आठव्या महिन्यात हिमोग्लोबिन १०.९ पर्यंत आले. बाळंतपण सुखरूप झाले. नात सहा महिन्यांची झाल्यावर सून पुन्हा त्या खुर्चीवर बसली. आता दुकानाचे जीएसटीचे काम तीच पाहते. तांदळाची ओढ लोहाच्या गोळ्यांनी गेली, दुकानाची ओढ गेली नाही, कारण तिच्यासाठी कुठलेही औषध नको होते. दोन्ही मात्र एकाच दुपारी, एकाच प्रश्नाने बाहेर आल्या, हे मला महत्त्वाचे वाटते.

हा प्रश्न एका घरापुरता नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील ५२.२ टक्के गर्भवती स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे दोघींमागे एकीहून अधिक. हा आजार केवळ गरिबीचा आहे, असे समजून आपण निर्धास्त राहू शकत नाही. आपला आहार शाकाहारी, त्यातही अनेक घरांत चातुर्मासात हिरव्या पालेभाज्या वर्ज्य, कित्येक घरांत मोड आलेली कडधान्येही वर्ज्य. या मर्यादा आपण श्रद्धेने पाळतो आणि पाळाव्यातच. पण मर्यादा पाळणाऱ्या घराने जमाखर्चही तितक्याच काटेकोरपणे ठेवावा. वनस्पतीजन्य लोह शरीरात कमी शोषले जाते, म्हणून त्याच्याबरोबर लिंबू किंवा आवळा हवा. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही, म्हणून दूध-दही पुरेसे हवे आणि त्याचीही तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्यावी. हरभरा, मटकी, खजूर, काळे मनुके चांगले, पण ते गोळ्यांची जागा घेऊ शकत नाहीत. सरकारी आरोग्य केंद्रांत गर्भवतीला लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या १८० दिवसांसाठी मोफत मिळतात. त्या कपाटात पडून राहतात की पोटात जातात, हे घरातल्या कोणीतरी पाहायला हवे.

आणि तपाचे काय? हा प्रश्न आपल्या सुना विचारत नाहीत, कारण न करण्याची परवानगी मागणे त्यांना लाजिरवाणे वाटते. येथेही आपले ग्रंथच मार्ग दाखवतात. कल्पसूत्रात त्रिशला मातेची दिनचर्या वर्णिली आहे. फार उष्ण नाही, फार थंड नाही, फार तिखट, कडू वा तुरट नाही, असा ऋतूला मानवणारा आणि गर्भाला हितकर आहार ती घेते. शोक, भय, श्रम यांपासून दूर राहते. तिचे डोहाळे प्रशस्त होते, ते पूर्ण केले गेले, त्यांचा सन्मान झाला, अवमान झाला नाही, आणि म्हणून ते शांत झाले, असे तेथे क्रमाने येते. तीर्थंकरांच्या मातेच्या वर्णनात सूत्रकाराला डोहाळ्यांसाठी इतकी विशेषणे योजावीशी वाटली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्या काळात तिने कोणते कठोर तप केले, याचे वर्णन मात्र तेथे नाही. गर्भाचे रक्षण हेच तिचे त्या वेळचे आचरण होते. अहिंसेचा विचार करणाऱ्यांना यात वेगळे काही सांगायला नको.

याच कल्पसूत्रात आणखी एक प्रसंग आहे. आपल्या हालचालीने मातेला त्रास होईल म्हणून गर्भस्थ वर्धमान निश्चल झाले. मातेला वाटले, गर्भाला काही झाले. तिने शोक मांडला. राजवाड्यातले गाणे-वाजवणे थांबले. गर्भस्थ भगवंतांनी ज्ञानाने मातेचे दुःख जाणले आणि आपल्या शरीराचा एक भाग हलवला. माता हर्षित झाली. त्याच वेळी त्यांनी ठरवले की माता-पिता जिवंत असेपर्यंत गृहत्याग करायचा नाही. ज्यांच्या करुणेची कथा आपण पुढे आयुष्यभर ऐकतो, त्यांच्या करुणेचा पहिला प्रसंग आईचे मन ओळखण्याचा आहे. एका हृदयाने दुसऱ्या हृदयाची चाहूल घेतली. ‘डोहाळे’ या शब्दात हेच साठवलेले आहे.

म्हणून माझी समाजातील घरांना एक विनंती आहे. डोहाळजेवणे होऊ द्यावीत. फुलांची वाडी, गाणी, ओटी, छायाचित्रे, सारे होऊ द्यावे. पण त्याच्या कितीतरी आधी, तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच, घरातल्या ज्येष्ठ स्त्रीने त्या मुलीजवळ एकटीने बसावे. पाहुण्यांसमोर नव्हे, जेवणाच्या ताटाशी नव्हे. रक्ताचा अहवाल शेजारी ठेवावा आणि विचारावे. पहिल्यांदा ती “बरी आहे” म्हणेल, कारण धारिणी राणीही पहिल्यांदा बोलली नव्हती. मग पुन्हा विचारावे. पुरुषांनीही हे काम बायकांचे म्हणून बाजूला ठेवू नये, राजा श्रेणिकाने ठेवले नव्हते. ती जे सांगेल ते दर वेळी देता येईलच असे नाही. काही डोहाळे औषधाने जातील, काहींना चाणक्याची युक्ती लागेल, काहींसाठी घरातली एखादी जुनी रीत थोडी सरकवावी लागेल. मुलीला माहेरी काही दिवस जायचे असेल, राहिलेली परीक्षा द्यायची असेल, किंवा नुसते दुपारी झोपायचे असेल.

ही नऊ महिन्यांची उधारी आहे आणि ती मागणारे हृदय अजून बोलू शकत नाही. त्याच्या वतीने बोलणारी एकच व्यक्ती घरात असते. तिला विचारणे, हे ‘डोहाळे’ या शब्दाचे खरे ऋण आहे.